घुंगरकाठीचे चित्र

दलित साहित्याच्या चळवळीने गेल्या पन्नास-साठ वर्षांत कवितेची झडती घेतली, कथा-कादंबरीची घेतली. आत्मकथनांवर तर परिसंवादामागून परिसंवाद झाले. साहित्याची प्रेरणा आंबेडकरवादी की मार्क्सवादी, साहित्याला 'दलित' म्हणावे की 'बौद्ध', आपले सौंदर्यशास्त्र वेगळे असावे की नसावे, यांवर आपण रात्री जागवल्या. पण आपले पोर आयुष्यात पहिल्यांदा जे पुस्तक हातात धरते, ज्यात अक्षरे थोडी आणि चित्रे मोठी असतात, त्या पुस्तकाकडे आपल्या समीक्षेने फारसे वळून पाहिले नाही. बालसाहित्य म्हणजे पांढरपेशांच्या फावल्या वेळाचा उद्योग, असे आपण धरून चाललो. वस्तुतः तू कोण, कुणाचा, कुठून आलास हे मुलाला सांगणारे पहिले छापील पान तेच असते. त्या पानावर आपले घर नसेल तर मूल असे म्हणत नाही की पुस्तक अपुरे आहे. ते म्हणते, आपले घर पुस्तकात येण्याजोगे नाही.

मराठी बालकथेत घराण्याचा वारसा आला की त्याच्यामागे काही वस्तू ठरल्यासारख्या चालत येतात. चौसोपी वाडा येतो, माजघर येते, देवघरातली समई येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले आजोळी जातात, आजी माळ्यावरची पेटी उघडते आणि पेटीतून पणजीची पैठणी, पणजोबांची पगडी, पितळी अडकित्ता, एखादे जुने पत्र असे एकेक बाहेर पडते. प्रत्येक वस्तूला गोष्ट असते आणि प्रत्येक गोष्टीला चित्र. चित्रकारालाही हे सोयीचे असते, कारण वस्तू रेखाटता येते. आता ज्या घरात माळाच नव्हता, पेटी नव्हती, आणि पणजीचे एकच लुगडे तिच्या अंगावरच विरून गेले, त्या घरातल्या वारशाचे चित्र कसे काढायचे? हा प्रश्न मी भावनेच्या भरात विचारत नाही. तो कलेचा, रेषेचा आणि पानाच्या मांडणीचा प्रश्न आहे.

'वारसा' हा शब्दच मुळात मालमत्तेचा. तलाठ्याच्या दप्तरात 'वारस नोंद' होते ती जमिनीची. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचा वारस कुठल्या दप्तरात लिहायचा? प्राथमिक शाळेत कुटुंबावरचा पाठ असतो आणि वंशवृक्ष काढून आणण्याचा स्वाध्याय मुलांना दिला जातो. ज्या घराण्यांचे छापील कुलवृत्तान्त कपाटात आहेत त्यांच्या मुलाला सात पिढ्या उतरवून काढायला अर्धा तास लागतो. आमच्या घरात नावे आजाच्या बापापाशी येऊन थांबतात. त्यापलीकडे 'म्हातारा' आणि 'म्हातारी' एवढेच असते. झाडाच्या चित्रात आमच्या मुलाची फांदी आखूड राहते, आणि शिक्षक भला असेल तर म्हणतो, असू दे, जेवढी माहीत आहेत तेवढी लिही. त्या आखूड फांदीला इतिहास आहे, तो कुणी लांब होऊ दिली नाही याला कारण आहे, हे त्या स्वाध्यायात येत नाही.

आता पुस्तकांकडे येऊ. माधुरी पुरंदरे यांनी मराठी चित्रपुस्तकाला वळण दिले, हे नाकारण्यात मोठेपणा नाही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ साली मिळाला, तो योग्य हाती गेला. त्यांच्या 'राधाचं घर' या मालिकेत राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. मूल जसे घर पाहते तसे ते घर आहे. उपदेश नाही, चमत्कार नाही, लाडिक बोबडेपणा नाही. ते घर शहरी मध्यमवर्गाचे आहे आणि तसे ते असल्याचे पुस्तक लपवत नाही. माझी तक्रार पुरंदरे यांच्याविषयी नाही. त्यांनी आमचे घर का काढले नाही असे विचारणे म्हणजे आपले काम दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे होय. तक्रार असलीच तर ती अशी की, राधाच्या घरालाच 'मुलाचे घर' हे सर्वसामान्य नाव मिळते, आणि आमचे घर पुस्तकात आले की त्याला 'वंचित मुलाचे घर' असे विशेषण लावावे लागते. राधाला आजी असते. वंचित मुलाला समस्या असते.

याला एक अपवाद झाला, आणि तो एकाच माणसाचा झाला. बाबासाहेबांचे बालपण चित्रांत आले. अमर चित्रकथेने १९७९ साली बाबासाहेबांवर अंक काढला. संहिता शां. शं. रेगे यांची होती आणि चित्रे दिलीप कदम यांची. ज्या मालिकेत देव, राजे आणि संत यांची रांग लागली होती तिथे बाबासाहेब आले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे २०१५ साली तूलिका प्रकाशनाने सौम्या राजेंद्रन यांचे, सात्विक गाडे यांच्या चित्रांचे, 'का?' असे विचारणाऱ्या भीमरावावरचे चित्रपुस्तक काढले. या दोहोंच्या मधे, २०११ साली, दिल्लीच्या नवयान प्रकाशनाचे 'भीमायन' आले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची चित्रे, श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा मजकूर. या ग्रंथाकडे आपण जरा थांबून पाहिले पाहिजे.

'भीमायन'चा आधार मुख्यतः बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांचा आहे. ही टिपणे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने छापली. त्यातला गोरेगावच्या प्रवासाचा प्रसंग सगळ्यांना तोंडपाठ आहे, निदान तसे आपल्याला वाटते. १९०१ सालची गोष्ट. रामजीबाबा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल होते. तिथे दुष्काळातल्या माणसांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खोदायला काढला होता. म्हणजे बाप तलावाच्या कामाचा हिशेब ठेवतो आहे आणि त्याची पोरे त्याला भेटायला निघाली ती वाटेत घोटभर पाण्यावाचून रात्र काढतात! पत्र वेळेवर न पोचल्याने मसूर स्टेशनावर घ्यायला कोणी आले नाही. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार.

आता यातली कपड्यांची गोष्ट पाहा. बाबासाहेबांनी ती मुद्दाम नोंदली आहे. पहिल्यांदाच आगगाडीत बसायचे म्हणून मुलांना नवे कपडे शिवले होते. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे. त्या पोशाखामुळे स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची मुले वाटली आणि त्यांची अडचण पाहून त्याला कळवळा आला. आपण महार आहोत असे मुलाने सांगताच त्याचा चेहरा पालटला आणि तो निघून गेला.

आपल्याकडे नांदेडला किंवा लातूरला जयंतीच्या मिरवणुकीतले देखावे पाहा, शाळेतली भित्तिपत्रके पाहा, गल्लीतल्या मंडळांचे फलक पाहा. बाल भीमराव फाटक्या सदऱ्यात असतो. डोळे मोठे, पाय अनवाणी, ओंजळ पुढे केलेली. हे चित्र श्रद्धेने काढलेले असते यात शंका नाही. पण ते खोटे आहे, आणि त्याचा खोटेपणा निरुपद्रवी नाही. फाटक्या सदऱ्यातला मुलगा पाहून बघणाऱ्या मुलाला दारिद्र्य कळते. जरीच्या टोपीतला मुलगा तहानेला पाहिला तर त्याला जात कळते. पाणी नाकारले गेले ते कपडे फाटके होते म्हणून नव्हे. कपडे नवे होते, बूट नवे होते, पैसे दुप्पट होते, आणि तरी पाणी नव्हते. सगळा प्रसंग त्या रेशीमकाठावर उभा आहे. चित्रकाराने तो काठ पुसला की प्रसंगाचा कणा मोडतो, उरते ती दया. आमच्या मुलांना दयेची चित्रे नकोत. शिवाय त्या कपड्यांत आणखी एक गोष्ट आहे, जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ते कपडे घरातल्या कुणीतरी हौसेने केले होते. पोरे बापाकडे जाणार म्हणून एका महार घरात जरीच्या टोप्या आल्या होत्या. ही हौस, ही माया, हाही कौटुंबिक वारसाच नव्हे काय?

व्याम दांपत्याची शैली इथे थोडी अडते असे माझे मत आहे. गोंड चित्रात अंगाचा पोत, झाडाचा पोत, कापडाचा पोत एकाच तऱ्हेच्या बारीक रेघांनी आणि ठिपक्यांनी भरला जातो. त्या रीतीत नवे कापड आणि जुने कापड यांचा भेद करणे अवघड आहे. पण जिथे ही शैली चालते तिथे ती अशी चालते की आपण थक्क व्हावे. त्यांनी माणसांना चौकटीत कोंडायचे नाकारले. पानाची विभागणी केली ती भिंतीवर आणि अंगणात काढायच्या 'डिगना'च्या वळणदार पट्ट्यांनी. आगगाडी साप होते. निरुपद्रवी बोलणे पाखराच्या आकाराच्या फुग्यात येते आणि जातीचे विष असलेले बोलणे विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. वाचता न येणाऱ्या मुलालाही कळते की हा माणूस डसतो आहे. महाडच्या सभेत बाबासाहेब बोलतात तेव्हा कर्णे पाण्याचे फवारे होतात आणि समोरच्या जमावावर पाणी पडते. चवदार तळ्यावरचे किती लेख आपण वाचले, किती भाषणे ऐकली! एका चित्राने तिथे जे केले ते आपल्या व्याख्यात्यांना जमलेले नाही.

आणि ही चित्रे काढली कुणी? व्याम हे मध्य प्रदेशातले परधान. परधान म्हणजे गोंडांचे भाट. बाना वाजवत गोंड घराण्यांच्या वंशावळी गात फिरणे हे त्यांचे परंपरागत काम. त्यांच्यातल्याच जनगढसिंह श्याम यांनी भोपाळच्या भारत भवनात जाऊन ते गाणे कागदावर आणले, आणि त्यांच्या आप्तांनी ती चित्रपरंपरा पुढे नेली. म्हणजे दुसऱ्यांचे वारसे पाठ करून पोट भरणाऱ्या जमातीच्या हाताने बाबासाहेबांची कथा रंगली. आमच्या नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या डोंगरात परधान आहेत, गोंड आहेत, कोलाम आहेत, आंध आहेत. 'भीमायन' पाहताना मला ते आठवतात. आपल्या चळवळीने त्यांच्याशी जोडलेला धागा किती कच्चा आहे हेही आठवते. असो, तो वेगळा विषय आहे.

मराठवाड्याच्या वाचकाला 'वेटिंग फॉर अ व्हिसा'तला १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंग अधिक जवळचा आहे. वेरूळची लेणी पाहायला निघालेली तीसेक माणसांची मंडळी, रमजानचा महिना, धुळीने माखलेली तोंडे, किल्ल्याच्या वेशीपाशी पाण्याचे टाके. मंडळींनी हातपाय धुतले आणि पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ओरडत आला की धेडांनी पाणी बाटवले. पुढे किल्ल्यात फिरताना पाण्याला हात लागू नये म्हणून शिपाई बरोबर दिला गेला. हे निजामाच्या राज्यात घडले, म्हणजे माझ्या आज्याच्या राज्यात घडले. तो त्या वेळी मुखेडच्या बाजूला एका गावात पाच-सहा वर्षांचे पोर होता. बाबासाहेबांचा अपमान कागदावर आला, कारण ते लिहू शकत होते. त्याच काळात, त्याच राज्यात, वेठीला जाणाऱ्या माणसाचा रोजचा अपमान कुठल्याच कागदावर नाही. तो आजीच्या तोंडी आहे, तेवढाच.

इथे माझ्या म्हणण्याचा गाभा येतो. बाबासाहेबांचे चित्र आमच्या मुलांना मिळाले आणि त्यांनी ते उराशी धरले. आमच्या घरांत भिंतीवर दोन तसबिरी असतात, एक तथागताची आणि एक निळ्या कोटातल्या बाबासाहेबांची. आमच्या मुलांचे पहिले चित्रपुस्तक ती भिंतच आहे. पण त्या दोन तसबिरी आणि जमिनीवर खेळणारे मूल यांच्या मधल्या जागेत कोणीच नाही. आजा नाही, पणजी नाही, गाव सोडून मिलिंद महाविद्यालयात शिकायला गेलेला चुलता नाही. मुलाला वाटते की आपला इतिहास म्हणजे अंधार, त्यात एक महापुरुष, आणि मग आपण. महापुरुषाने हाक दिल्यावर ज्यांनी आपापल्या गावात, पाटलाच्या समोर, पोटाला चिमटा घेऊन ती हाक पाळली, ती माणसे त्या चित्रात नाहीत.

माझा आजा येसकर होता. येसकराच्या हातात घुंगरकाठी असे. ती वाजवत गावात फिरायचे, दवंडी द्यायची, पाळीची भाकर मागायची, आणि मेलेले जनावर ओढायचे. १९५६ च्या धर्मांतराचे वारे आमच्या गावात पोचायला थोडा उशीर झाला, पण ते पोचल्यावर आज्याने येसकरकी सोडली. देव पाण्यात सोडले गेले आणि काठी त्याने स्वतः चुलीत घातली. माझी आजी हे सांगताना एक वाक्य हमखास घालायची, की त्या काठीवर त्या दिवशी सात भाकरी झाल्या. घुंगरे मात्र जळत नाहीत. ती राखेत काळी पडून सापडली, त्यांचे पुढे काय झाले ते तिने कधी सांगितले नाही.

वाड्यातल्या मुलाकडे पणजोबांची पगडी आहे. आमच्याकडे आज्याची काठी नाही, आणि ती नाही हाच आमचा वारसा आहे. दलित साहित्याला आपण नकाराचे साहित्य म्हटले. कवितेत नकार सोपा असतो, कारण भाषेत 'नाही' हा शब्द आहे. चित्रात 'नाही' नसते. काठी काढली की ती काठी दिसते आणि मुलाला वाटते, वा, घुंगरू लावलेली किती छान काठी! काढलीच नाही तर काही दिसतच नाही. टाकून दिलेल्या वस्तूचे चित्र काढणे हा आपल्या बालसाहित्यापुढचा खरा कलात्मक पेच आहे.

या पेचातून एक वाट कांचा इलय्या यांनी काढली. 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड' हे त्यांचे मुलांसाठीचे पुस्तक नवयाननेच २००७ साली काढले, आणि त्यालाही दुर्गाबाई व्याम यांचीच चित्रे आहेत. आदिवासी, गुराखी, चर्मकार, शेतकरी, कुंभार, विणकर, परीट, न्हावी यांच्या कामात विज्ञान आहे, कौशल्य आहे, समाज त्यावर उभा आहे, असा त्याचा सूर आहे. कातडे कमावणे हे रसायनशास्त्र आहे, हे मुलाला सांगणे मोलाचे आहे. शाळेत परीट आणि न्हावी यांच्या मुलांना ज्या नावांनी हिणवले जाते ते पाहता या पुस्तकाची गरज कुणी नाकारू नये.

तरीही मला ते पुस्तक पुरे पडत नाही, आणि का ते स्पष्ट सांगितले पाहिजे. जातीने श्रमाची वाटणी केली नाही, श्रम करणाऱ्या माणसांनाच वेगवेगळ्या खोपटांत कोंडले, हा बाबासाहेबांचा १९३६ सालचा मुद्दा आहे. मार्च १९२७ मध्ये महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा निर्धार झाला तेव्हा आमच्या माणसांना 'तुमचे काम थोर आहे' असे सांगितले गेले नाही. ते काम टाका, असे सांगितले गेले, आणि त्यांनी ते टाकले. टाकल्याबद्दल गावोगाव बहिष्कार सोसला. आता त्यांच्या पणतवंडांना सुंदर रेषांच्या चित्रातून ते काम प्रतिष्ठेचे होते एवढेच सांगितले, तर आज्याने काठी का जाळली याचे उत्तर मुलाला कधीच मिळणार नाही. तेलंगणातल्या मादिगा समाजाचा चामड्याशी आणि डप्प्याशी असलेला संबंध वेगळा आहे. आपल्याकडे मातंगाची हलगी आणि केरसुणी, चर्मकाराची रापी, महाराची काठी या तिन्हींचे प्रश्नही एकसारखे नाहीत. हलगी ही कला आहे आणि ती वाजवायला लावणे ही गुलामी होती, दोन्ही खरे. काठीत मात्र कला नव्हती. सगळ्या बलुत्यांवर 'श्रमप्रतिष्ठा' नावाचा एकच रंग फासणे ही चित्रकाराची सोय झाली.

उलट बाजूचा दोष आपल्यातल्या शिकलेल्यांचा आहे. आपण नोकरीला लागलो, नांदेडच्या कुठल्या नगरात घर बांधले आणि मुलांना गावच सांगायचे बंद केले. मुलाने आजोबा काय करत विचारले तर 'शेती' म्हणून मोकळे झालो. लाजेने केलेल्या या मौनाला आपण प्रगती समजतो. काठी जाळणारा आजा लाजून गप्प बसला नव्हता.

वारसा म्हणजे काय याचे मराठवाड्यातलेच एक उदाहरण समोर आहे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरात काय शिजत होते, कसे शिजत होते, वाळवलेल्या चान्या कशा टिकवत, तेल नसताना कालवण कसे होई, हे त्यात पाककृतीसकट आहे. ज्या साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला त्याच सालचे हे पुस्तक. पुढे २०२४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि जग चकित झाले. मला चकित करणारी गोष्ट निराळी आहे. हे पुस्तक मोठ्यांसाठी आहे, पण त्याचा आत्मा चित्रपुस्तकाचा आहे. पेटी नसलेल्या घरातली पेटी म्हणजे चूल. तिथून एकेक गोष्ट निघते, आणि ती मिरवत नाही की रडत नाही. भूक होती, चव होती, हिकमत होती, आणि हे अन्न वाट्याला का आले त्याचे कारणही होते. या सगळ्या गोष्टी एका ताटात राहतात. चित्रकाराला जे साधायचे आहे ते हेच.

हैदराबादच्या अन्वेषी या संस्थेने २००८ च्या सुमारास मुलांसाठी 'डिफरंट टेल्स' नावाची आठ पुस्तकांची मालिका सिद्ध केली. इंग्रजी, तेलुगू आणि मल्याळममध्ये ती निघाली. गोगू श्यामला, जूपाका सुभद्रा यांच्यासारख्या दलित लेखिका त्यात आहेत, आणि मोहम्मद खदीर बाबू यांची बकऱ्याच्या मुंडीच्या कालवणाची गोष्टही आहे. एका मुसलमान घरातला मुंडी शिजवण्याचा दिवस, एवढाच विषय. समस्या नाही, सुधारणा नाही, घर आहे. हैदराबाद आम्हाला पुण्याहून जवळ. देगलूर-बिलोलीच्या बाजाराला तेलुगू ऐकू येते. तिथे जे झाले ते इथे का होऊ नये?

एक अवघड प्रश्न शिल्लक राहतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, आणि त्यानंतरच्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात वस्त्या जळाल्या. ४ ऑगस्टला टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना मारले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. ज्यांच्या घरांनी हे सोसले त्यांची नातवंडे आज शाळेत आहेत. त्यांच्या कौटुंबिक वारशात हे येते की नाही? काही मित्र म्हणतात, लहान मुलांना आग दाखवू नये. मीही म्हणतो, आग दाखवू नये. आगीचे चित्र काढणे सोपे असते, लाल-पिवळा रंग पुरतो, आणि त्यात माणूस दिसेनासा होतो. दुसऱ्या दिवशीची सकाळ काढावी. जळक्या वाशांत पाटी शोधणारी मुलगी काढावी. परगावच्या नातेवाइकाच्या ओसरीवर दाटीने झोपलेली तीन घरची माणसे काढावीत. आपल्या कवींनी आग लिहिली, ते त्यांचे काम होते. चित्रपुस्तकाने पुन्हा उभारलेल्या भिंतीला हात घालावा. मूल विचारील, पहिली भिंत कुठे गेली? मग घरातल्या मोठ्याने सांगावे.

कारण चित्रपुस्तक हे एकट्याने वाचायचे पुस्तक नव्हे, ते दोघांनी वाचायचे. पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींची परंपरा बघा. रात्री देवळात एकेक चित्र हातात धरायचे आणि कथा गायची. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांना ही परंपरा नव्याने कळली. त्यातल्या कथा रामायण-महाभारताच्या आहेत, त्यांचे आपल्याला काही देणे-घेणे नाही. पण रीत पाहा. चित्राच्या मागे अक्षर नाही, माणूस उभा आहे. पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरात हे फार महत्त्वाचे आहे. माझ्या आईला अक्षर येत नाही. माझ्या मुलीला शाळेतून आणलेले अक्षरांचे पुस्तक ती वाचून दाखवू शकत नाही आणि पुस्तक पुढे आले की ती अवघडून मागे सरकते. चित्राचे पुस्तक असले तर ती पुढे सरकते. ही चूल अशी नसते, तिचे तोंड इकडे असते, असे चित्रकाराला सुनावते. त्या क्षणी घरात शिकलेली कोण आणि अडाणी कोण हे उलटते. पांढरपेशा घरात चित्रपुस्तक ही अक्षरांकडे नेणारी पायरी असेल. आमच्या घरात ते आजीला पुस्तकात शिरू देणारे दार आहे. म्हणून त्यात मजकूर थोडका असावा, चित्र मोठे असावे, आणि चूल कुठल्या तोंडाची हे चित्रकाराने आधी एखाद्या म्हातारीला विचारलेले असावे.

आणि मजकूर असेल तर कुठल्या भाषेत? आमच्या घरात 'माय' आहे, 'बा' आहे, 'म्हतारा' आहे. संपादकाच्या टेबलावर गेल्यावर त्यांची 'आई', 'बाबा' आणि 'आजोबा' होतात, मुलांची भाषा बिघडू नये म्हणून. शांताबाई कांबळे यांचे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपाने आले तेव्हा त्याचे नाव 'माज्या जल्माची चित्तरकथा' असे होते. बाई शिक्षिका होत्या, त्यांना 'माझ्या जन्माची' लिहिता येत नव्हते असे नाही. ते नाव तसेच छापले गेले आणि कुठल्याही वाचकाचे मराठी त्याने बिघडले नाही.